कोकणातील लाकडी घर : पावसात टिकणारे, उन्हाळ्यात कमी विजेवर थंड राहणारे

कोकणात लाकडी घर बांधण्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न वाळवीचा असतो, दुसरा पावसाचा आणि तिसरा खर्चाचा. मे महिन्यात घर किती तापेल आणि ते थंड ठेवायला किती वीज लागेल, हा प्रश्न बहुधा घर बांधून झाल्यावर, वातानुकूलन यंत्र विकत घेण्याच्या वेळी पुढे येतो. प्रत्यक्षात हे प्रश्न एकमेकांपासून वेगळे नाहीत. दमट हवेत लाकूड टिकते ते सावली आणि खेळती हवा यांच्यामुळे, आणि त्याच हवेत माणसाला गारवा मिळतो तोही याच दोन गोष्टींमुळे. त्यामुळे लाकूड सुके राहावे म्हणून केलेली जवळजवळ प्रत्येक तजवीज विजेचीही बचत करते. पुढील सर्व सूचना याच सूत्राला धरून दिलेल्या आहेत.

हे मार्गदर्शन रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील एखाद्या वाडीत पहिल्यांदाच घर बांधणाऱ्यांसाठी आहे. घर एकमजली, आठशे ते बाराशे चौरस फुटांचे, चिऱ्याच्या (घडवलेल्या जांभ्या दगडाच्या) जोत्यावर लाकडी सांगाडा उभारलेले आणि कौलारू आहे असे येथे गृहीत धरले आहे. थंड देशांत ओंडक्यांवर ओंडके रचून बांधतात तसे घर येथे बांधू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या भिंती आतली ऊब बाहेर जाऊ नये म्हणून जाड असतात, जिची आपल्याला गरज नाही. शिवाय ओंडक्यांच्या आडव्या फटींत पावसाचे पाणी साचून राहते आणि ज्या लाकडासाठी एवढा खर्च केला तेच आधी कुजते.

पहिली पायरी : जागेची पाहणी पावसाळ्यात करावी

जमीन बहुतेक लोक दिवाळीनंतर किंवा मे महिन्याच्या सुट्टीत पाहतात, आणि तेव्हा ती जवळपास सर्वत्र सारखीच चांगली दिसते. या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. म्हणून घराची नेमकी जागा ठरवण्यापूर्वी जुलै महिन्यात तेथे एकदा तरी जाऊन यावे. डोंगरावरून उतरणारे पाणी कोठून वाहते, ते कोठे तुंबते, शेजाऱ्याच्या कुणग्यात (भातशेतीच्या तुकड्यात) किंवा विहिरीकडे कोठून जाते, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय जोत्याची उंची आणि चरांची दिशा ठरवता येत नाही. कातळावरची उघडी जागा आणि झाडीतील जागा यांच्या तापमानातही उन्हाळ्यात मोठा फरक पडतो. जांभ्या दगडाचा सडा दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो, त्यामुळे सड्यावरचा प्लॉट स्वस्त मिळाला तरी तेथे घर थंड ठेवणे अवघड जाते.

जागेवर असलेले आंबा, फणस, काजू किंवा रातांबा यांचे एकही झाड आराखड्यापूर्वी तोडू नये. पश्चिमेला उभे असलेले मोठे झाड दुपारनंतरचे जे ऊन अडवते ते दुसऱ्या कोणत्याही उपायाने तितक्या स्वस्तात अडवता येत नाही. मात्र माड आणि वाळक्या फांद्यांची झाडे छपरावर पडणार नाहीत इतके अंतर ठेवावे.

परवानग्यांविषयी थोडक्यात

शेतजमीन विकत घेण्यासाठी राज्यात खरेदीदार शेतकरी असावा लागतो, हे सर्वांत आधी तपासावे. सातबारा उतारा, त्यावरील इतर हक्कांच्या नोंदी, सामायिक हिस्सेदार आणि गावठाणापासूनचे अंतर यांची माहिती तलाठी कार्यालयातून घ्यावी आणि बांधकामाची परवानगी तसेच बिनशेतीचा प्रश्न तहसील कार्यालयात चौकशी करून मार्गी लावावा. कोकणात एका सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावे असणे नवलाचे नाही, आणि त्यांतील एकाची संमती राहून गेल्यामुळे थांबलेली घरे गावोगाव दिसतात. समुद्र किंवा खाडी जवळ असेल तर किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागू होतात आणि तेथे परवानगीशिवाय जोतेही घालू नये.

लाकडी घर बांधणाऱ्याला आणखी एक कायदा माहीत असावा लागतो. झाडे तोडण्यावर नियंत्रण ठेवणाऱ्या राज्याच्या १९६४ च्या कायद्यानुसार साग, ऐन, किंजळ, फणस, आंबा यांसारखी अनुसूचित झाडे स्वतःच्या जमिनीतली असली तरी परवानगी घेऊनच तोडावी लागतात, आणि लाकूड वाहून नेण्यासाठी वनखात्याच्या वाहतूक परवान्याची चौकशी आधी करावी लागते. वखारीतून लाकूड घेतल्यास पावती जपून ठेवावी.

दुसरी पायरी : आराखडा पश्चिमेच्या बाजूपासून सुरू करावा

किनारपट्टीवर चांगले आणि वाईट दोन्ही पश्चिमेकडून येते. उन्हाळ्यात दुपारचा समुद्रवारा पश्चिमेकडून येतो, आणि तोच घराला गारवा देणारा मुख्य स्रोत आहे. पण दुपारनंतरचे तिरपे ऊनही त्याच बाजूने येते आणि पावसाळ्यात झडही त्याच बाजूने मारते. पश्चिम पूर्ण बंद केली तर घर कोंदट होते आणि मोकळी सोडली तर खांब भिजतात. जुन्या घरांनी यावर पडवी हा तोडगा काढला, आणि तो आजही बदलण्याचे कारण नाही. पश्चिमेला किमान सहा-सात फूट रुंदीची, उतरते छप्पर असलेली पडवी ठेवावी, आणि तिच्या बाहेरच्या कडेला पावसाळ्यात झापांच्या किंवा लाकडी पट्ट्यांच्या झडी लावण्याची सोय करावी. या पट्ट्या तिरप्या बसवल्या तर पाणी बाहेर राहते आणि वारा आत येतो. दिवाळीनंतर झडी काढून ठेवल्या की थंडीत पडवीत ऊन येते.

घराची लांबी पूर्व-पश्चिम असावी असा सल्ला सर्वत्र दिला जातो, कारण त्यामुळे पूर्व आणि पश्चिमेच्या भिंती आखूड होतात. तो येथेही योग्य आहे, पण वाऱ्याची वाट अडणार नसेल तरच. खोल्या एकामागे एक न मांडता, प्रत्येक खोलीला समोरासमोरच्या किंवा निदान लगतच्या दोन बाजूंनी खिडक्या मिळतील अशा मांडाव्यात. ओटी, माजघर आणि परसदार यांची दारे एका रेषेत ठेवण्याची जुनी पद्धत वाऱ्याच्या दृष्टीने अगदी बरोबर आहे. दिवसा समुद्राकडून आलेला आणि रात्री जमिनीकडून येणारा वारा त्याच वाटेने घरातून जातो.

दक्षिणेकडच्या उन्हाचा हिशेब सोपा आहे. रत्नागिरी सुमारे १७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे २१ डिसेंबरला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण ४९ अंशांवर असतो, तर मे महिन्याच्या सुरुवातीला तो जवळजवळ डोक्यावर येतो. याचा अर्थ असा की दक्षिणेकडे छपराची वळचण भिंतीच्या बाहेर एक मीटर काढली तर डिसेंबरच्या दुपारीही वळचणीखालचा एक मीटरहून थोडा अधिक भाग सावलीत राहतो, आणि मार्चनंतर दुपारच्या वेळी दक्षिणेची संपूर्ण भिंत सावलीत जाते. उन्हाळ्यात घर तापवतो तो भिंतींपेक्षा छपराचा भाग, हेही यातूनच लक्षात येते.

खिडक्यांच्या मापासाठी केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ मध्ये काढलेल्या इको निवास संहितेचा आधार घ्यावा. उष्ण व दमट हवामानात उघडता येणाऱ्या दारे-खिडक्यांचे क्षेत्रफळ जमिनीच्या क्षेत्रफळाच्या निदान एक-षष्ठांश, म्हणजे १६.६६ टक्के असावे, असे ती सांगते. ही संहिता मोठ्या भूखंडांवरील इमारतींसाठी आहे आणि वाडीतल्या छोट्या घरावर तिचे बंधन नाही, पण मोजमाप म्हणून ती उपयोगी आहे. बारा चौरस मीटरच्या खोलीला दोन चौरस मीटर उघडणारी जागा लागते. सरकत्या काचेच्या खिडकीत एका वेळी अर्धीच जागा उघडते, हे विसरल्यामुळे अनेक नवी घरे कागदावर हवेशीर आणि प्रत्यक्षात गुदमरणारी होतात. बाहेर उघडणाऱ्या दोन झडपांची लाकडी खिडकी या दृष्टीने सर्वांत चांगली.

तिसरी पायरी : लाकडाची निवड आणि सुकवणी

या पायरीवर घाई करण्याचा मोह सर्वांनाच होतो, आणि घराचे आयुष्य येथेच ठरते. लाकडातील ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा कमी राहिला तर ते कुजवणारी बुरशी त्यात वाढू शकत नाही. ओले लाकूड सुकताना आडव्या दिशेने आकसते, लांबीत मात्र जवळजवळ आकसत नाही. त्यामुळे ओल्या लाकडाचे सांधे पहिल्याच उन्हाळ्यात सैल पडतात आणि फळ्यांमध्ये फटी पडतात. कठीण लाकडाच्या एक इंच जाडीला सावलीत सुकायला साधारण एक वर्ष लागते, असा सुतारांचा ठोकताळा आहे. म्हणून ज्या हिवाळ्यात घर उभे करायचे त्याच्या आदल्या हिवाळ्यातच लाकूड विकत घेऊन कापून ठेवावे. थप्पी जमिनीपासून फूटभर उंच, वरून झाकलेली पण बाजूंनी उघडी ठेवावी, आणि प्रत्येक दोन थरांमध्ये एकाच जाडीच्या आडव्या पट्ट्या एकाखाली एक अशा घालाव्यात. ताडपत्रीत गच्च गुंडाळलेली थप्पी सुकत नाही. ती आतल्या आत बुरसते. ओलावा मोजण्याचे दोन टाचण्यांचे छोटे यंत्र बाजारात मिळते, ते घेणे योग्य ठरेल.

अमावास्येला तोडलेल्या लाकडाला कीड लागत नाही, असे जुने लोक सांगतात. खात्रीने सांगता येते ते एवढेच की पाऊस संपल्यावर, कोरड्या थंड महिन्यांत तोडलेले लाकूड सावकाश आणि सारखे सुकते व त्याला चिरा कमी पडतात. बांबूच्या बाबतीत त्या काळात किडीला आवडणारे पिष्ट द्रव्यही कमी असते.

जातींपैकी साग सर्वांना परिचित आहे, पण सागवान या नावावर विसंबू नये. वाळवी आणि बुरशीला दाद देत नाही तो सागाचा गडद रंगाचा गाभा. त्याभोवतीचा पांढरट भाग कोणत्याही साध्या लाकडाइतकाच कच्चा असतो, आणि पंधरा-वीस वर्षांच्या शेतातल्या सागात तो पांढरट भाग बराच असतो. खांब आणि तुळयांसाठी किंजळ आणि ऐन मजबूत आहेत, मात्र ऐन सुकताना फाटतो, म्हणून त्याच्या टोकांना कापल्याबरोबर मेण किंवा जाड रंग लावावा. फणसाचे जून लाकूड टिकाऊ असते आणि दारे-खिडक्यांना शोभते. शिवण हलके आणि न वाकणारे असल्यामुळे झडपांना उत्तम. आंब्याचे लाकूड स्वस्त असले तरी सांगाड्यात वापरू नये. वाशांना जुन्या माडाच्या बाहेरच्या कठीण भागाचा आणि रिपांना (कौलांखालच्या आडव्या पट्ट्यांना) पोफळीचा उपयोग गावात अजूनही होतो. छपराखाली, कोरड्या जागी ते चांगले काम देतात. सिंधुदुर्गात भरीव जातीचा माणगा बांबू मुबलक पिकतो आणि प्रक्रिया केल्यास तक्तपोशी (छपराखालचे फळ्यांचे छत), झडी, पडवीचे कठडे यांसाठी तो लाकडाचा भार बराच हलका करतो.

परवडत असेल आणि सापडत असेल तर सांगाड्यासाठी जुन्या घरांतून निघालेले लाकूड घ्यावे, हा माझा पहिला सल्ला राहील. जाड तुळई नव्याने पूर्ण सुकवणे जवळपास अशक्य असते, तर पन्नास-साठ वर्षांच्या तुळईचे आकसणे केव्हाच संपलेले असते. घेताना प्रत्येक नगावर हातोडीने ठोकून आवाज ऐकावा, भिंतीत गाडलेली टोके टोकदार हत्याराने खरवडून पाहावीत आणि खिळे काढून घेतल्याशिवाय ते गिरणीत कापायला देऊ नये. जुनी मापे नव्या आराखड्यात बसत नाहीत. म्हणून लाकूड आधी घ्यावे, आणि त्याच्या लांबीवरून घराचे खण (दोन खांबांमधले गाळे) ठरवावेत.

किडीपासून संरक्षणासाठी बोरिक ॲसिड आणि बोरॅक्स यांचे पाण्यातील द्रावण माणसांना त्यामानाने कमी घातक आहे, पण ते पावसाने धुऊन निघते. त्यामुळे छपराखालच्या कोरड्या लाकडासाठीच ते वापरावे. काजूच्या टरफलाचे तेल पूर्वीपासून लाकडाला लावतात. ते कातडी भाजते, म्हणून हातमोज्यांशिवाय हाताळू नये. गाड्यांचे जळके ऑइल घराच्या आतल्या लाकडाला लावण्याची प्रथा मात्र बंद झालेलीच बरी.

चौथी पायरी : जोते आणि तळखडे

लाकडाचा जमिनीशी कोठेही स्पर्श होता कामा नये. जोते चिऱ्याचे, बाहेरच्या जमिनीपासून निदान दोन फूट उंच असावे, कारण पागोळ्यांचे पाणी जमिनीवर आपटून उडते तेव्हा त्याचे शिंतोडे दीड फुटापर्यंत भिंतीला लागतात. वळचणीखाली खडी घातलेला उघडा चर ठेवला तर शिंतोडे कमी होतात आणि तेच पाणी विहिरीच्या वरच्या बाजूच्या शोषखड्ड्यात नेता येते.

प्रत्येक खांब दगडी तळखड्यावर, म्हणजे खांबाखालच्या घडीव दगडावर, उभा करावा. तळखड्याचा माथा बाहेरच्या बाजूला किंचित उतरता घडवावा, आणि त्यावर चारी बाजूंना दोन इंच बाहेर येऊन खाली वाकलेला जस्ती पत्र्याचा तुकडा ठेवून मग खांब बसवावा. हा पत्रा वाळवीला पूर्ण अडवतो असे नाही, पण तिला मातीची नळी पत्र्याच्या बाहेरून, उघड्यावर बांधत यावे लागते आणि ती दिसते. दिसलेली वाळवी काढता येते. याच कारणासाठी जोत्याला टेकवून लाकूडफाटा, नारळाची सोडणे किंवा फुलझाडांची माती रचू नये. पायाच्या मातीत वाळवीचे औषध घालायचे असेल तर ते प्रशिक्षित माणसाकडून आणि विहिरीपासूनचे अंतर पाहूनच घालून घ्यावे.

पाचवी पायरी : सांगाडा

पारंपरिक सांगाड्यात खांबावर तुळई, तुळईवर उभे टेकू, त्यावर आढे आणि आढ्यापासून वळचणीपर्यंत वासे, अशी रचना असते आणि कुसू (लाकडाचे पुढे काढलेले टोक) व खाच यांचे सांधे वजन खाली नेण्याचे काम उत्तम करतात. त्यांची कमतरता दोन ठिकाणी जाणवते. एक म्हणजे आडवे धक्के : सह्याद्रीपलीकडे कोयनानगरला ११ डिसेंबर १९६७ रोजी मोठा भूकंप झाला होता, आणि चिपळूण परिसराचे त्याच्यापासूनचे अंतर फारसे नाही. लाकडाचा सांगाडा हलका आणि लवचिक असतो हा त्याचा मोठा गुण आहे, पण चौकोनी खण तिरक्या लाकडांनी कर्णात बांधलेले नसतील तर तो कलतो. म्हणून घराच्या प्रत्येक बाजूच्या निदान दोन खणांत तिरके टेके द्यावेत.

दुसरी कमतरता वर उचलणाऱ्या वाऱ्याची. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने आणि पुढच्या वर्षी मे महिन्यात आलेल्या तौक्ते वादळाने जे दाखवले ते हेच की छपरे वजनाने खचत नाहीत, ती खालून शिरलेल्या वाऱ्याने उचलली जातात. वासा भिंतीवरच्या तुळईला, तुळई खांबाला आणि खांब जोत्यात पुरलेल्या पट्टीला धातूच्या पट्ट्यांनी सलग बांधलेला असावा. समुद्राच्या खाऱ्या हवेत साधे लोखंड काही वर्षांतच गंजून फुगते आणि लाकूड फोडते, त्यामुळे बोल्ट, पट्ट्या आणि खिळे स्टेनलेस स्टीलचे किंवा जाड जस्ताच्या मुलाम्याचे घ्यावेत. या कामात पैसे वाचवू नयेत, आणि अनुभवी सुतार असला तरी सांगाड्याचा आराखडा एकदा स्थापत्य अभियंत्याला दाखवावा.

सहावी पायरी : छप्पर

मंगलोरी कौल आज आपल्याला पूर्वापार चालत आलेले वाटते, पण त्याचा पहिला कारखाना बासेल मिशनने मंगळूरला १८६५ मध्ये काढला; त्याआधीची घरे गवताने किंवा नळीच्या कौलांनी शाकारलेली असत. गावाला साजेसे घर म्हणजे जुन्याची नक्कल, असे मानण्याचे कारण त्यामुळे उरत नाही. चांगला उतार, खोल वळचण, मातकट रंग आणि शेजारच्या घरांच्या मानाने बेताची उंची एवढे सांभाळले तरी नवे घर वाडीत उपरे दिसत नाही. कंपाउंडच्या पांढऱ्या उंच भिंतीऐवजी चिऱ्याचा गडगा घातला तर ते अधिकच शोभेल.

छपराचा उतार ३० अंशांहून कमी ठेवू नये. तो कमी पडला की झडीचे पाणी कौलांच्या सांध्यातून उलटे चढते. एका चौरस मीटरला सुमारे पंधरा-सोळा कौले लागतात आणि त्यांचे वजन चाळीस किलोच्या आसपास भरते, पावसात भिजल्यावर त्याहून अधिक. वाशांची जाडी आणि अंतर त्या हिशेबाने ठेवावे. रिपांमधील अंतर आधी ठरवून कौले आणू नयेत, कौले आणून त्यांच्या मापाने रिपा ठोकाव्यात. वळचणीच्या दोन ओळी, आढ्याचे कोने आणि कडेची कौले तांब्याच्या किंवा स्टेनलेसच्या तारेने रिपांना बांधावीत.

नुसते कौल दुपारी तापते आणि खालच्या माणसाच्या डोक्यावर उष्णता फेकते. त्यासाठी कौलाखाली हवेची पोकळी आणि पोकळीखाली तक्तपोशी, ही रचना करावी. पोकळीतील हवा वळचणीजवळून आत येईल आणि आढ्याजवळून किंवा दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींतील जाळीतून बाहेर पडेल अशी वाट ठेवली तर उष्णता निघून जाते आणि वाशांचा ओलावाही सुकतो. केवळ पाऊण इंची फळ्यांची तक्तपोशी इको निवास संहितेने छपरासाठी ठरवलेली उष्णतावहनाची मर्यादा गाठत नाही. फळ्यांच्या पाठीवर इंचभर जाडीचा रॉकवूलसारखा उष्णतारोधक थर घातला तर ढोबळ हिशेबाने ती गाठता येते. संपूर्ण घरात ऊर्जेच्या दृष्टीने सर्वांत फायद्याचा खर्च कोणता असे विचारले तर मी या इंचभर थराचे नाव घेईन.

माकडांचा प्रश्न येथे टाळता येत नाही. कौले फोडणाऱ्या टोळ्यांना कंटाळून गावेच्या गावे पत्र्याकडे वळली आहेत, आणि त्यांना दोष देता येणार नाही. पण उघडा पत्रा उन्हाळ्यात भाजतो आणि पावसात बोलू देत नाही. मधला मार्ग म्हणजे वाशांवर आधी पन्हळी पत्रा, त्यावर उभ्या पट्ट्या व रिपा आणि मग कौले. कौल फुटले तरी पाणी आत येत नाही, पत्र्यावर थेट ऊन पडत नाही आणि दोहोंमधील पोकळीतून हवा वाहत राहते.

सातवी पायरी : भिंती

लाकूड उष्णता कमी वाहून नेते हे खरे आहे. त्याची उष्णतावाहकता काँक्रीटच्या साधारण एक-दशांश असते. मात्र हा गुण जाडीवर अवलंबून आहे, आणि एक इंची फळीची भिंत पश्चिमेच्या उन्हात उघडी असेल तर ती तासाभरात आतून गरम लागते. म्हणून फळीच्या भिंती सावलीतच असाव्यात. उत्तम मिश्रण असे : खिडकीच्या तळापर्यंत सर्वत्र चिऱ्याची भिंत, त्यावर फळ्या किंवा मातीने लिंपलेला कारवीच्या काठ्यांचा कूड, स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि सावली न मिळणारी पश्चिमेची बाजू मात्र वरपर्यंत चिऱ्याची. हलक्या भिंती संध्याकाळनंतर लवकर निवतात, त्यामुळे झोपायच्या खोल्यांना त्या विशेष सोयीच्या आहेत.

बाहेरच्या फळ्या उभ्या बसवाव्यात, म्हणजे पाणी निथळून जाते. त्यांच्यामागे इंचभर पोकळी ठेवून ती वर-खाली जाळी लावून उघडी सोडावी. प्रत्येक फळी एकाच कडेने ठोकावी आणि दुसरी कड शेजारच्या फळीखाली मोकळी राहू द्यावी, कारण ती जुलैत फुगणार आणि एप्रिलमध्ये आकसणार आहे. बाहेरून चकचकीत वॉर्निश लावू नये. ते उन्हाने सोलवटते आणि आत शिरलेले पाणी बाहेर पडू देत नाही. जवसाचे तेल किंवा लाकडात मुरणारे तेलाचे रंग वापरावेत.

संपूर्ण घर हवाबंद करून उष्णतारोधक भिंती बांधण्याचा सल्ला थंड देशांतून येतो. येथे त्याचा उपयोग फक्त एका बाबतीत आहे : एखाद्या खोलीत वातानुकूलन यंत्र बसवायचेच असेल तर ती एकच खोली तशी बांधावी आणि बाकीचे घर वाऱ्यावर सोडावे.

वीज

लाकडी घरात तारा उघड्या खिळ्यांनी ठोकू नयेत. त्या न जळणाऱ्या नळीतून न्याव्यात आणि गळती होताच प्रवाह तोडणारे उपकरण मुख्य पेटीत बसवावे. अर्थिंग आणि आकाशातील वीज जमिनीत नेणारा तडितवाहक यांत हयगय करू नये, कारण मे आणि ऑक्टोबरमधील विजा सड्यावरच्या घरांना सोडत नाहीत.

साध्या पंख्याला सुमारे ७५ वॅट लागतात, तर नव्या बीएलडीसी (कमी विजेवर चालणाऱ्या मोटरच्या) पंख्याला ३० च्या आसपास. चार पंखे रोज बारा तास चालले तर महिन्याला सुमारे ६५ युनिट वाचतात. सौर पॅनेल कौलांवर चढवण्याऐवजी गोठ्याच्या किंवा गाडीच्या छपरावर बसवावेत. त्यासाठी कौले फोडावी लागत नाहीत आणि साफसफाईही सोपी होते. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटच्या संचाला ७८ हजार रुपयांचे अनुदान जाहीर झाले. एक किलोवॅट संच वर्षाच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट देतो, पण पावसाळ्यात त्याहून बराच कमी. चार महिन्यांचा हिशेब वेगळा करावा.

कामाचे वेळापत्रक आणि पुढची देखभाल

दसरा-दिवाळीनंतर जोते, पौष-माघात सांगाडा आणि एप्रिल संपण्यापूर्वी छप्पर, असा क्रम ठेवावा. जूनचा पहिला पाऊस येईपर्यंत भिंती अपुऱ्या राहिल्या तरी चालते, छप्पर मात्र पुरे झालेले हवे. उशीर होणार असे मार्चमध्येच दिसले तर सांगाडा उभा न करता लाकूड थप्पीतच ठेवावे.

चाकरमान्यांची घरे वर्षातले सात-आठ महिने बंद असतात, आणि बंद घर लाकडाला सर्वांत घातक असते. कुलूप लावलेले असतानाही हवा खेळावी यासाठी प्रत्येक खोलीत छताजवळ आणि जमिनीजवळ जाळी लावलेले, पट्ट्यांनी झाकलेले झरोके कायमचे उघडे ठेवावेत. कपाटे भिंतीपासून दोन इंच दूर आणि पायांवर उभी असावीत. गाद्या माळ्यावर दोरीला टांगाव्यात.

वर्षातून दोनदा पाहणी पुरते. मे महिन्यात कौले चाळून घ्यावीत, फुटलेली बदलावीत, पन्हळी आणि चर साफ करावेत व पडवीच्या खांबांना तेल लावावे. ऑक्टोबरमध्ये प्रत्येक तळखड्याभोवती वाळवीच्या नळ्या पाहाव्यात, खांबांच्या तळाला टोच्याने टोचून लाकूड मऊ लागते का ते तपासावे आणि झडी काढून ठेवाव्यात. एखाद्या खांबाचा तळ मऊ लागलाच तर संपूर्ण खांब बदलण्याची गरज नसते : वरची तुळई टेकूवर उचलून धरावी, खांबाचा कुजलेला भाग कापून टाकावा, तेवढ्याच उंचीचा घडवलेला दगड तळखड्यावर चढवावा आणि त्यावर पत्र्याचा नवा तुकडा ठेवून खांब पुन्हा टेकवावा.